पिक्सेल आर्ट: माझा वारकरी मळकट का दिसतो? रंग आणि रेषांसाठी मदत हवी आहे

ओवी_३२ | ९ जून, रात्री १०:५५

नमस्कार. मी आणि माझा धाकटा भाऊ मिळून एक छोटा गेम करतोय. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा आजोबांबरोबर पहिल्यांदा वारीला निघतो. दिंडीत दोघांची चुकामूक होते आणि आळंदीपासून पंढरपूरपर्यंत तो आजोबांना शोधत चालतो, एवढीच गोष्ट. कोडिंग भाऊ बघतो, चित्रं माझ्याकडे आहेत.

कॅनव्हास ३२ बाय ३२ पिक्सेलचा, म्हणजे तेवढ्या छोट्या रंगीत चौकोनांचा आहे, मुलगा २४ पिक्सेल उंच. पांढरं धोतर, पांढरी बंडी, टोपी, गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर गंध, खांद्यावर भगवी पताका. कागदावर काढला तेव्हा मनासारखा उतरला होता. पिक्सेलमध्ये आणल्यापासून दोन गोष्टी सारख्या खुपताहेत. एक तर तो मळकट दिसतो. कपडे पांढरे घेतलेत तरी धुतलेले वाटत नाहीत, चेहऱ्यावर धूळ बसल्यासारखी दिसते. दुसरं म्हणजे रेषा थरथरतात. पताकेची काठी सरळ काढूनही वाकडी दिसते आणि गालाची गोलाई दातेरी झालीय.

आठ दिवस रोज बसतेय. जितके रंग वाढवते तितका तो बिघडत जातो. चित्र जोडलंय, डावीकडे मूळ आकार आणि उजवीकडे आठपट. मनापासून सांगा, काय चुकतंय?

पाऊसपाणी | ९ जून, रात्री ११:१०

कल्पना फार आवडली. यातलं तांत्रिक मला सांगता येणार नाही, पण धागा वाचत राहीन. मुलाचं नाव काय ठेवलंय?

ओवी_३२ | ९ जून, रात्री ११:१४

नाम्या :)

खडूफळा | १० जून, सकाळी ७:३०

ओवी, चित्र उतरवून घेतलं आणि आधी रंग मोजले. २४ पिक्सेल उंचीच्या मुलात तुम्ही २३ रंग वापरलेत. मळकटपणाचं मूळ तिथे आहे. पण रंग कमी करा एवढं म्हणून भागणार नाही, कुठले कमी करायचे ते कळायला हवं, म्हणून सविस्तर लिहितो.

चेहऱ्यापासून सुरू करू. त्वचेच्या पाच छटा आहेत. मुख्य छटा लाल १५०, हिरवा ९२, निळा ६२. सुंदर सावळा रंग आहे, त्याला हात लावू नका. बाकीच्या छटा मात्र त्याच रंगात थोडं थोडं काळं मिसळून झाल्यात: १३५-८३-५६, मग १२०-७४-५०, अशा. चित्र काळंपांढरं करून पाहिलं तर मुख्य छटेचा उजेड ० ते २५५ या मापावर साधारण १०६ भरतो, पुढचीचा ९५, त्यापुढचीचा ८५. म्हणजे दहा-दहाचा फरक. मोठ्या चित्रात याच फरकाने गालाला गोलाई आली असती. इथे अख्खा गाल चार पिक्सेलांचा आहे. चार पिक्सेलांत तीन जवळजवळ सारखे तपकिरी आले की डोळ्याला तिथे सावली दिसत नाही, डाग दिसतो. तुम्हाला धूळ वाटतेय ती हीच.

तीनच छटा ठेवा. मधली आहे तीच. सावलीला ९८-५४-५२ घेऊन बघा आणि उजेडाला १९८-१३८-८८. तिघींचा उजेड अंदाजे ६७, १०६ आणि १५० येतो, म्हणजे दर पायरीला चाळीसेक. एवढी पायरी लहान आकारातही दिसते. आणखी एक बघा. सावलीचा रंग नुसता गडद झालेला नाही, तो तांबूस झालाय. उजेडाचा पिवळसर झालाय. एकाच रंगात काळं ओतत गेलं की त्वचेची राख होते. म्हणून रंग गडद होताना तांबूस-जांभळ्याकडे सरकवायचा आणि उजळताना पिवळ्याकडे. याला ह्यू शिफ्टिंग म्हणतात, ह्यू म्हणजे लाल, पिवळा, निळा अशी रंगाची जात. रंग निवडायच्या खिडकीत एचएसव्हीचे (ह्यू, रंगाचा गडदपणा आणि उजळपणा यांचे) पट्टे उघडलेत तर दिसेल, या तीन रंगांचा ह्यू साधारण २७, २० आणि ३ असा उतरत जातो.

आता धोतर. मूळ पांढरा २५०-२४०-२२० आहे, किंचित साईसारखा, तो चालेल. सावलीला तुम्ही त्यातच काळं घातलंत आणि १९०-१८२-१६७ मिळाला. हा रंग एकटा एका चौकोनात भरून बघा. खाकी आहे. पांढऱ्या कपड्यावर खाकी दिसलं की डोळ्याला माती आठवते. उघड्यावर उभ्या माणसाच्या पांढऱ्या कपड्यांच्या सावलीत आभाळाचा उजेड पडलेला असतो, म्हणून ती सावली निळसर दिसते. पांढऱ्यासाठी २५५-२५०-२३८, सावलीला २०६-२०८-२२८, आणि धोतराच्या खोल चुण्यांना १४०-१४०-१७६ घ्या. शेवटचा फक्त दोन पायांच्या मध्ये आणि काखेत.

रेषांवर इथे दुसरे जाणकार आहेत, ते लिहितीलच.

ओवी_३२ | १० जून, दुपारी १:२०

खूप खूप धन्यवाद, दादा. आणि मला अहोजाहो नको, मी वीस वर्षांची आहे.

त्वचेच्या तीन छटा लगेच लावल्या. चेहरा उघडला, खरंच. पण धोतरात निळं-जांभळं भरायला हात धजत नाही. पांढऱ्यात निळा घातल्यावर ते निळं नाही का दिसणार?

दुसुती | १० जून, दुपारी ३:०५

बाळा, घरी पांढऱ्या कपड्यांना नीळ का घालतात ते आठव. धोतर, सदरे वापरून वापरून पिवळट होतात. शेवटच्या पाण्यात नीळ घातली की तो पिवळेपणा झाकला जातो आणि कपडा शुभ्र दिसतो. निळा कुणालाच दिसत नाही, पांढराच दिसतो. तुझे दादा सांगतात ते तेच आहे.

मी चाळीस वर्षं दुसुतीवर भरतकाम करतेय. मुलाने हा धागा दाखवला आणि तुझं आठपट मोठं केलेलं चित्र बघून मी उठून बसले, कारण हा तर क्रॉस स्टिचचा नमुना आहे! एक चौकोन, एक टाका. मग रेघेचं मी सांगू शकते.

आलेख कागदावर मोराची मान काढताना आम्ही नजरेच्या भरवशावर राहत नाही, टाके मोजतो. मान वळते तिथे टाके असे येतात: ५, ३, २, १, १, २, ३, ५. आधी कमी होत जायचे, वळणावर सगळ्यांत कमी, मग त्याच चालीने वाढत जायचे. मध्येच ५, २, ३, १ झालं की मानेला गाठ आल्यासारखी दिसते. लांबून तर जास्तच दिसते. तुझ्या मुलाचा उजवा गाल मी मोजला. वरून खाली ४, १, २, १ आहे. तो १ आणि २ उलटे पडलेत. ४, २, १, १ कर आणि मग बघ.

काठीचंही तेच. वरून खाली ३, २, ४, २, ४ आलंय. एकूण १५ होतात, पायऱ्या ५. प्रत्येक पायरी ३ ची केलीस की तेवढ्याच जागेत काठी सरळ बसेल, आजूबाजूचं काही हलवावं लागणार नाही.

ओवी_३२ | १० जून, दुपारी ४:४०

मावशी!! काठी सरळ झाली. सहा-सात पिक्सेल हलवले असतील. आठ दिवस मी ती पुसून पुसून नव्याने काढत होते, एकदाही मोजली नाही.

गालही केला. नवीन चित्र जोडतेय.

पाऊसपाणी | १० जून, संध्याकाळी ५:१५

दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहिली. फरक मलाही दिसतोय, आणि मी तर नुसती वाचक आहे.

रेघोटी | १० जून, रात्री ९:५०

दुसुती मावशींनी जे सांगितलं ते पिक्सेल आर्टमधल्या रेषेचं मर्मच आहे. त्याला थोडी जोड देते. मी ॲनिमेशनचं काम करते, दिवसभर याच दातेरी कडांशी गाठ असते.

तिरप्या सरळ रेषेला सगळ्या पायऱ्या सारख्या लागतात. एक-एक, दोन-दोन, तीन-तीन. मधला कुठलाही कोन घेतलास, की पायऱ्या २, ३, २, २, ३ अशा पडतात आणि रेषा थरथरते. तुझ्या काठीचं तेच झालं होतं. म्हणून कोन निवडतानाच सारख्या पायऱ्यांचा निवडावा. कागदावर काठी कुठल्याही कोनात छान दिसते, इथे मोजकेच कोन स्वच्छ येतात. जुन्या गेममधले तिरपे रस्ते आणि घरं बहुतेक दोनास एक या उतारावर असायची, त्याचं एक कारण हेच.

दुसरं, बंडीच्या बाहीवर बघ. रेषा वळते तिथे काटकोनात तीन पिक्सेल चिकटलेत. कोपऱ्यातला पिक्सेल काढलास तरी उरलेले दोन टोकाला टोक लावून रेषा पुढे नेतातच. तो राहिला की तेवढ्या जागी रेषा जाड होते आणि बाही फाटल्यासारखी दिसते. असे कोपरे मी ११ मोजले. तू एसप्राइट हे पिक्सेल चित्रांचं सॉफ्टवेअर वापरत असशील तर पेन्सिलच्या पट्टीवर पिक्सेल परफेक्टची खूण कर, हाताने काढताना ते कोपरे आपोआप गळतात. पण त्यावर विसंबून राहू नकोस, शेवटी एकदा डोळ्याने फिरून बघावंच लागतं.

तिसरं, माळ. तू छातीवर एक सोडून एक असे ठिपके दिलेत, मण्यांची माळ म्हणून. कल्पना बरोबर आहे, पण एवढ्या लहान आकारात सुटा पिक्सेल कचऱ्यासारखा दिसतो, त्यात पांढऱ्या बंडीवर गडद ठिपके म्हणजे शाईचे डाग. मणी विसर. त्वचेच्या सावलीचा तोच रंग घेऊन गळ्याखाली सलग वळणदार रेघ ओढ आणि तिच्यावर मधोमध एकच उजळ पिक्सेल ठेव. बघणारा ती माळ म्हणूनच वाचेल. सुटे पिक्सेल डोळ्यांसाठी राखून ठेव, तिथे ते शोभतात.

आणि शेवटचं, सगळ्यांत मोठं. तू प्रत्येक भाग कडेला गडद आणि मध्ये उजळ असा रंगवलायस. टोपी, बंडी, धोतर, गाल, सगळं. त्यामुळे सगळंच उशीसारखं फुगलंय. याला म्हणतातही पिलो शेडिंग. उजेड एका बाजूने येऊ दे. वरून डावीकडून धर. मग टोपीची डावी कड पूर्ण पांढरी, उजवीकडे आणि खाली सावली. धोतराचा डावा पाय उजेडात, उजवा सावलीत. एवढं केलंस की एकही रंग न वाढवता मुलगा जमिनीवर उभा राहील.

खडूफळा | १० जून, रात्री १०:२०

माळेबद्दल अगदी सहमत. बारकावा दाखवण्यापेक्षा ओळख पटवणं इथे मोलाचं असतं. १९८१ साली शिगेरू मियामोतो या जपानी गेम रचनाकारांनी डाँकी काँग या गेममध्ये मारिओ केला तेव्हा हाच पेच होता. एवढ्याशा जागेत तोंड दिसेना, म्हणून मोठं नाक आणि त्याखाली मिशी. केस नीट जमेनात, म्हणून टोपी. पळताना हात अंगापासून वेगळे दिसावेत म्हणून सदरा आणि ओव्हरऑल वेगवेगळ्या रंगांचे. आपण ज्याला त्याचं रूप म्हणतो ते पिक्सेलांच्या अडचणीतून घडलंय.

१९८३ मध्ये जपानमध्ये आलेल्या फॅमिकॉम या गेमच्या यंत्रावर एका स्प्राइटच्या, म्हणजे पडद्यावर हलणाऱ्या छोट्या चित्राच्या, पॅलेटमध्ये (रंगांच्या संचात) तीन रंग आणि चौथा पारदर्शक, एवढंच मिळायचं. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे जे व्हिडिओ गेम आणि पिवळ्या कॅसेट घरोघरी आल्या, त्यातले पुष्कळसे याच यंत्राच्या नकला होत्या. म्हणजे आमच्या पिढीने लहानपणी जी पात्रं डोळ्यांत साठवली ती तीन-तीन रंगांची होती आणि आम्हाला कधी काही कमी वाटलं नाही. मेगा मॅन या गेमच्या नायकाच्या चेहऱ्याला जास्तीचे रंग मिळावेत म्हणून वेगळ्या पॅलेटचा दुसरा स्प्राइट त्याच्यावर ठेवलेला असायचा. एकेका रंगासाठी असा जीव टाकायचे.

दुसुती मावशी, तुम्हाला एक आवडेल. १९८४ च्या ॲपलच्या मॅकिंतॉश संगणकावरची चिन्हं सुझन केर या चित्रकर्तीने आधी आलेख कागदावर चौकोन भरून काढली होती, ३२ बाय ३२. तुमचीच रीत.

दुसुती | ११ जून, सकाळी ८:४०

बरं वाटलं वाचून. कागद एकच, कुणी त्यावर टाके घातले, कुणी दिवे लावले.

सागरगोटा | ११ जून, सकाळी ११:३०

ओवी, सावळा मुलगा केलास याबद्दल मनापासून आभार. मी गेली चार वर्षं हौस म्हणून पिक्सेल आर्ट करतोय. तयार पॅलेट घेतलं की त्वचेसाठी बहुतेकदा गुलाबी नाहीतर पीच छटा पुढे येतात, आणि आपल्या माणसांसाठी त्याच गडद कराव्या लागतात. मग खडूफळांनी म्हटलं तशी राख होते. माझी मुंबईची कोळीण कितीतरी दिवस आजारी दिसत होती. शेवटी मातीचा, लाकडाचा म्हणून दिलेला रंग मी त्वचेला लावला आणि ती एकदम जिवंत झाली. लोस्पेक या संकेतस्थळावर पॅलेट शोधताना त्वचा या नावाखाली बघू नकोस, तपकिरी आणि विटकरीचे पट्टे बघ. आपले रंग तिथे सापडतात.

ओवी_३२ | ११ जून, रात्री ११:४०

आज सकाळी फार वाईट वाटलं, आता जरा सावरलेय.

काल रात्री दोनपर्यंत बसून उजेड डावीकडून घेतला, माळ बदलली, ११ कोपरे काढले. धोतराची सावली दादांनी दिलेल्या आकड्यांनी भरली तर मला ती पुरेशी निळी वाटेना, म्हणून आणखी निळी केली. झोपले तेव्हा खूश होते. सकाळी उघडून बघते तर नाम्या निळ्या धोतरात! रात्री लॅपटॉपचा पिवळा उजेड आपोआप चालू होतो हे लक्षातच नव्हतं. पडदाच पिवळा असल्यामुळे मी निळं वाढवत गेले.

आता तो पर्याय बंद केलाय आणि मूळ २०६-२०८-२२८ परत लावलाय. दिवसाच्या उजेडात तो निळा अजिबात दिसत नाही. मावशी, नीळ जास्त झाली होती, आता बेताची आहे.

आणखी एक झालं. चित्र मैत्रिणीला मोबाइलवरून पाठवलं तर तिच्याकडे सगळं धुरकट पोचलं. ती म्हणाली, रेषा कुठायत?

रेघोटी | १२ जून, सकाळी ९:१५

पिवळ्या उजेडाचा फटका बऱ्याच जणांना बसतो, वाईट वाटून घेऊ नकोस. आकडे हाताशी होते म्हणून लगेच परत येता आलं, हे महत्त्वाचं.

धुरकटपणाला दोन कारणं. एक, पाठवताना चित्राचं जेपीजी झालं असणार, त्यात कडांना रंग पसरतात. पीएनजी फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवत जा. दोन, मोठं करताना पटीतच कर, चारपट, आठपट, आणि पद्धत निअरेस्ट नेबर निवड, त्यात कडेचे रंग एकमेकांत मिसळत नाहीत. साडेतीनपट केलंस तर काही पिक्सेल तीन चौकोनांचे आणि काही चारचे होतात, मग इतकी मोजून बसवलेली काठी पुन्हा थरथरते. भावालाही सांग, गेममध्ये हीच काळजी घ्यावी लागते.

खडूफळा | १२ जून, दुपारी १२:५०

नवीन चित्र पाहिलं. मोठी मजल मारलीस. आता भगवा आणि बाहेरची रेषा.

पताकेला तू एकच नारिंगी दिलायस. त्यालाही तीन छटा दे: मधला २३२-११२-३२, सावली १७६-५६-४०, उजेड २५०-१७६-६४. सावली कुंकवाकडे, उजेड हळदीकडे, असं लक्षात ठेव. घडी पडते तिथे सावलीचा सलग पट्टा हवा, ठिपके नकोत.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. चित्र काळंपांढरं करून बघ. पताकेचा मधला रंग आणि गालावरचा उजेड जवळपास सारखे भरतात, एक १३९ आणि दुसरा १५०. पताका गालाच्या मागून जाते तिथे दोन्ही एकमेकांत मिसळतात. रंग वेगळे आहेत म्हणून झूम केल्यावर कळत नाही, मूळ आकारात मात्र चेहऱ्याची कड हरवते. तेवढ्या भागात पताकेची सावलीची छटा लाव. तिचा उजेड ९० आहे, गाल पुढे येईल.

आणि ती शुद्ध काळी आउटलाइन काढून टाक असं मी म्हणेन. त्वचेच्या कडेला त्वचेची सावली, कपड्याच्या कडेला १४०-१४०-१७६, पताकेला तिचाच गडद. रेषा हलकी होईल, आकार मोकळा वाटेल.

रेघोटी | १२ जून, दुपारी २:३०

इथे मी असहमत आहे. एकट्या चित्रासाठी दादांचा सल्ला बरोबर आहे. पण नाम्या वारीत चालणार आहे. त्याच्या मागे शेकडो माणसं, सगळी पांढऱ्या कपड्यांत, पांढऱ्या टोप्यांत, खांद्यावर पताका. बाहेरची गडद रेषा काढली तर तो त्या गर्दीत विरघळेल. कपड्याच्या कडेचा तो फिकट जांभळा मागच्या पांढऱ्या धोतरावर टिकणारच नाही.

खडूफळा | १२ जून, दुपारी ३:१०

गर्दीचा विचार मी केला नव्हता, हे मान्य. पण तोडगा रेषेतच शोधावा लागेल असं मला वाटत नाही. गर्दीचे रंग बदलता येतील.

सागरगोटा | १२ जून, दुपारी ३:४०

दोन्ही करून गेममध्येच ठेवून बघ. रिकाम्या पानावर हा वाद मिटायचा नाही.

ओवी_३२ | १४ जून, रात्री ९:२०

दोन दिवस लागले, पण करून बघितलं. दिवे घाटाची पार्श्वभूमी भावाने आधीच लावली होती. हिरवे डोंगर, पावसाळी ढगाळ आभाळ, वळणावळणाने चढणारी दिंडी. त्यावर नाम्या तीन प्रकारे ठेवला.

पूर्ण काळ्या रेषेचा नाम्या लगेच सापडतो, पण कापून चिकटवल्यासारखा वाटतो. फिकट कडांचा नाम्या डोंगरापुढे इतका सुंदर दिसतो की काय सांगू, आणि गर्दीत शिरला की नाहीसा होतो. रेघोटीताई म्हणाली तसंच. धोतर कुणाचं कुठे संपतं तेच कळत नाही.

मग दादांचं गर्दीचे रंग बदलायचं मनावर घेतलं. गर्दीतल्या माणसांचा सगळ्यांत उजळ पांढरा म्हणून मी नाम्याच्या धोतराच्या सावलीचा रंग घेतला, २०६-२०८-२२८. त्यांना बाहेरची रेषा दिलीच नाही. त्यांची त्वचा, त्यांच्या पताका, सगळं जरा फिकट आणि निळसर केलं, दूरचे डोंगर दिसतात तसं. आणि नाम्याला बाहेरून ४४-२८-४८ या जवळजवळ काळ्या जांभळ्या रंगाची रेषा ठेवली. फक्त उजेडाच्या बाजूला, टोपीच्या आणि डाव्या खांद्याच्या कडेला, ती त्या त्या भागाच्या गडद छटेची केली. आता पूर्ण पांढरा पडद्यावर एकट्या नाम्याच्या अंगावर आहे. शंभर माणसांतून नजर थेट त्याच्यावर जाते.

भावाने पाहिलं आणि म्हणाला, हा हरवलेला वाटतोय. आम्हाला तेच हवं होतं.

गंधाची एक गोष्ट राहिली. गोपीचंदनाची उभी रेघ दोन पिक्सेलांची केली होती आणि तिच्याखाली बुक्क्याचा एक काळा ठिपका. पण डोळे पण काळेच, एका पिक्सेलच्या रुंदीचे. तो ठिपका तिसरा डोळा दिसायला लागला. म्हणून बुक्का काढून टाकलाय. मन खात होतं, पण गोपीचंदन राहिलंय.

रेघोटी | १४ जून, रात्री ९:५५

बुक्का काढलास ते योग्यच केलंस. जिथे चेहरा मोठा दिसेल, संवादाच्या चौकटीत वगैरे, तिथे दे, तिथे जागा असेल.

तुझा हा तोडगा माझ्याही कामात वापरणार आहे. आम्ही मागच्या माणसांचा नुसता रंग उडवतो. त्यांचा उजळ म्हणजे मुख्य पात्राची सावली, हे मोजून बसवलेलं मी केलं नव्हतं.

आता चालण्याच्या चार चौकटी, म्हणजे एकामागून एक दाखवायची चार चित्रं, करशील तेव्हा एक जप. प्रत्येक चौकटीत धोतराच्या चुणीची सावली नव्याने काढू नकोस. पहिल्या चौकटीतला सावलीचा तुकडा उचल आणि पायाबरोबर एक-दोन पिक्सेल सरकव. नव्याने काढलीस की तुकड्याचा आकार दर वेळी थोडा बदलतो आणि चालताना धोतर उकळल्यासारखं दिसतं. डोकं मात्र अख्खंच्या अख्खं एक पिक्सेल वर-खाली होऊ दे. त्यात काही बदलू नकोस, गालसुद्धा नाही.

खडूफळा | १५ जून, सकाळी ८:०५

एकूण रंग किती उरले?

ओवी_३२ | १५ जून, सकाळी ८:३०

दहा! त्वचेचे तीन, पांढऱ्याचे तीन, भगव्याचे तीन आणि तो एक गडद जांभळा. केस आणि डोळे गडद जांभळ्यातच. माळ आणि काठी त्वचेच्या सावलीतून झाली, गोपीचंदन धोतराच्या उजळ रंगातून. आधी २३ होते.

पाऊसपाणी | १५ जून, सकाळी १०:००

गेम झाला की इथे नक्की टाका. माझी आई दरवर्षी सासवडपर्यंत पालखीबरोबर चालत जायची, तिला दिवे घाट दाखवायचा आहे.

ओवी_३२ | १५ जून, सकाळी १०:१२

नक्की. त्यांना सगळ्यांत आधी.

दुसुती | २१ जून, दुपारी ४:२५

ओवी, तुझा शेवटचा नमुना मुलाकडून कागदावर मोठा छापून घेतला आणि भरायला बसले. माझ्याकडच्या कापडावर इंचाला १४ टाके बसतात, त्यामुळे नाम्या काठीसकट सव्वादोन इंचांच्या चौकोनात आला. पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा दिसायचा नाही म्हणून कापड मेंदी रंगाचं घेतलंय. धोतराच्या सावलीला फिकट जांभळी लडी मिळाली. दुकानदार म्हणाला, पांढऱ्याशेजारी ही कशाला? मी म्हटलं, असू दे.

भरताना एक सापडलं. टोपीच्या मागच्या टोकाला वरून खाली १, १, २, १ आहे. शेवटचा टाका जास्तीचा आहे, त्यामुळे टोपी मागे किंचित लोंबते. मी तो घातला नाही, टोपी छान बसली. तुझ्याकडेही काढून बघ.

ओवी_३२ | २१ जून, दुपारी ४:५०

काढला, मावशी. चारही चौकटींतून.